महानायकाच्या दिवसाचा जमाखर्च

मुलांच्या हाती रंगीत चित्रकथा दिसली की बहुतेक घरांतून एकच उद्गार निघतो: परीक्षा तोंडावर आली असताना हे काय चालले आहे! यात वडीलधाऱ्यांचा फारसा दोष नाही. ज्या पिढीने ‘इंद्रजाल कॉमिक्स’मधील वेताळ आणि जादूगार मँड्रेक वाचून उन्हाळ्याच्या सुट्ट्या घालविल्या, तिच्या मनात कॉमिक म्हणजे सुट्टीतला खाऊ हे समीकरण पक्के बसले आहे. खाऊ बेताने खावा आणि मोठे झाल्यावर सोडून द्यावा, असा सर्वसाधारण संकेत. १९६७ साली सुरू झालेल्या ‘अमर चित्र कथा’ने या माध्यमाला घरात थोडीफार प्रतिष्ठा मिळवून दिली खरी, पण ती पुराणांच्या आणि इतिहासाच्या आधाराने. घट्ट पोशाख घालून आकाशात उडणाऱ्या अमेरिकन महानायकांच्या वाट्याला ती कधी आली नाही.

या वेळी ज्या चित्रकथेचा परिचय करून द्यावयाचा आहे, ती नेमकी याच उडणाऱ्या महानायकांची आहे. आणि तरीही ती साठीच्या पुढील वाचकानेही आवर्जून वाचावी अशी आहे. तिचे नाव ‘अ‍ॅस्ट्रो सिटी’.

तिचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी थोडा मागोवा घेणे आवश्यक आहे. १९३८ साली जेरी सीगल आणि जो शुस्टर या दोन तरुणांनी निर्मिलेला सुपरमॅन ‘अ‍ॅक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकात अवतरला आणि सुपरहिरो नावाचा नवा प्रकार रूढ झाला. बलवान, परोपकारी आणि जवळजवळ निर्दोष, असा हा नायक. १९६२ साली स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांनी स्पायडरमॅन आणला. त्याच्याकडे शक्ती होती, पण खिशात पैसा नव्हता. घरी वृद्ध काकूची काळजी होती आणि मनात एका चुकीचा सल होता. पुढे १९८६-८७ मध्ये अ‍ॅलन मूर आणि डेव्ह गिबन्स यांची ‘वॉचमेन’ ही १२ अंकांची मालिका आली. मुखवट्यामागे अहंकार, क्रौर्य आणि सत्तेची लालसा किती असू शकते, हे तिने इतक्या प्रभावीपणे दाखविले की नंतरच्या अनेकांनी तोच काळोख गिरविला. नायक जितका विकृत तितकी कथा प्रौढ, असा समज काही काळ बळावला.

कर्ट ब्युसिक या लेखकाला या दोन्ही टोकांच्या मधली वाट सापडली. १९९४ साली चित्रकार अ‍ॅलेक्स रॉस यांच्यासमवेत त्यांनी ‘मार्व्हल्स’ ही मालिका केली; तिच्यात प्रसिद्ध महानायकांचे जग एका सामान्य वृत्तछायाचित्रकाराच्या नजरेतून दाखविले होते. पुढच्याच वर्षी, १९९५ मध्ये, ‘अ‍ॅस्ट्रो सिटी’चा पहिला अंक ‘इमेज कॉमिक्स’ने प्रसिद्ध केला. लेखन ब्युसिक यांचे, आतील चित्रे ब्रेंट अँडरसन यांची आणि मुखपृष्ठे रॉस यांची. १९९६ साली या मालिकेला कॉमिक्सच्या क्षेत्रातील मानाचा आयस्नर पुरस्कार सर्वोत्कृष्ट नवी मालिका म्हणून मिळाला आणि नंतरही अनेकदा तिने तो पटकावला.

अ‍ॅस्ट्रो सिटी हे काल्पनिक अमेरिकन शहर आहे. तेथे महानायक आणि खलनायक यांची वस्ती इतकी दाट आहे की आकाशात चाललेली लढाई ही तेथील नागरिकांना पावसाच्या सरीइतकी परिचयाची झाली आहे. शहरावर उभ्या असलेल्या डोंगराचे नाव माउंट कर्बी. जॅक कर्बी या थोर कॉमिक्स चित्रकाराच्या स्मरणार्थ ते योजिलेले आहे. अशी अनेक नावे जाणकारांना जागोजागी भेटतात. पण मालिकेचा मुख्य विषय लढाया हा नाही. लढाई बहुधा चौकटीच्या कोपऱ्यात, दूरवर चालू असते. लेखकाचे लक्ष असते ते लढणारा घरी परतल्यावर काय करतो आणि खाली रस्त्यावर उभा असलेला माणूस तिच्याकडे कसा पाहतो, याकडे.

पहिल्याच अंकातील ‘इन ड्रीम्स’ ही कथा पाहा. तिचा नायक समॅरिटन हा या जगातील सर्वांत सामर्थ्यवान पुरुष. तो दूरच्या भविष्यकाळातून आलेला आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी ‘चॅलेंजर’ हे अमेरिकन अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी नष्ट झाले आणि त्यातील सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले, हा खराखुरा इतिहास. ब्युसिक यांच्या कथाविश्वात मात्र समॅरिटन ही दुर्घटना टाळतो आणि तेव्हापासून लोकांचे रक्षण हाच त्याचा दिनक्रम होऊन बसतो. इतर वेळी तो एसा मार्टिन या नावाने एका नियतकालिकाच्या कार्यालयात मजकुरातील तपशिलांची पडताळणी करण्याची नोकरी करतो.

कथेत घडते ते एवढेच: समॅरिटनचा एक दिवस. पहाटे उठल्यापासून जगाच्या एका टोकावरील आपत्तीतून दुसऱ्या टोकावरील अपघाताकडे तो धावत असतो. मध्येच कार्यालय, मध्येच सत्कार समारंभ, मध्येच सहकाऱ्यांची बैठक. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाताना तो जेवढा वेळ आकाशात असतो, तेवढे सेकंद तो मोजून ठेवतो. रोज रात्री त्याला एकच स्वप्न पडते. त्यात तो कोणालाही वाचवीत नाही, कोठेही पोहोचावयाचे नसते. तो नुसता उडत असतो. दिवसाअखेर सगळे सेकंद एकत्र केले, तर त्यांची बेरीज पुरते एक मिनिटही होत नाही. आणि तरी तो दिवस बरा गेला, असे समाधान मानून तो झोपी जातो.

दिवसअखेरीस रोकड जुळविण्याची सवय असलेल्या कोणाही वाचकाला ही बेरीज चटका लावून जाईल. समॅरिटनच्या खात्यावर शक्ती अमाप जमा आहे. पण त्यातले स्वतःसाठी काढण्याजोगे जवळजवळ काहीच नाही. त्याच्यात नाव घेण्यासारखा दुर्गुण नाही. त्याची उणीव वेगळी आहे: थांबावे कोठे, हे त्याला ठरविता येत नाही. प्रत्येक घरात असा एखादा समॅरिटन असतो. सर्वांची औषधे लक्षात ठेवणारी, सर्वांचे डबे भरणारी, आणि स्वतःच्या आवडीची गोष्ट विचारली असता क्षणभर गोंधळणारी गृहिणी. किंवा भावंडांची शिक्षणे, लग्ने, आजारपणे निभावता निभावता स्वतःचा छंद कोणता होता हेच विसरलेला थोरला भाऊ. घर त्यांच्या बळावर चालते, म्हणूनच त्यांच्या थकव्याची नोंद कोठेही होत नाही.

याच संचातील ‘डिनर अ‍ॅट एट’ या कथेत समॅरिटन आणि विंग्ड व्हिक्टरी ही महानायिका एका संध्याकाळी एकत्र जेवावयास बसतात. त्यांना ही फुरसत मिळावी म्हणून इतर सहकारी त्या रात्रीपुरती जगाची राखण आपल्याकडे घेतात. एवढे करूनही दोघांचे बोलणे लवकरच मतभेदांकडे वळते. स्त्रियांच्या उत्थानासाठी झटणारी ती आणि सर्वांना सारखे मानणारा तो, दोघेही प्रामाणिक आणि दोघेही थोडे हट्टी. जगाचे प्रश्न सोडविणाऱ्यांना समोरच्या माणसाशी साधे बोलणे जड जावे, हे दृश्य हसू आणते आणि ओळखीचेही वाटते.

महानायकांइतकेच या मालिकेत सामान्य नागरिकांना स्थान आहे. ‘द स्कूप’ या कथेत एक अनुभवी संपादक आपल्या उमेदवारीच्या दिवसांतली हकिकत नवख्या वार्ताहराला सांगतो. तरुणपणी त्याने भुयारी रेल्वेत महानायक आणि शार्क-देवतेचे उपासक यांच्यातील अद्भुत संघर्ष डोळ्यांनी पाहिला. बातमी लिहून तो धावत आला. तेव्हाच्या संपादकांनी एकेक वाक्य घेऊन विचारले, याला पुरावा काय? दुसरा साक्षीदार कोण? पडताळता न येणारे सर्व काही खोडत गेल्यावर शेवटी छापून आले ते इतकेच, की रुळांवर एक मेलेला शार्क सापडल्याने गाड्यांना उशीर झाला. व्हाउचरवाचून खर्ची टाकू नये, हा हिशेबाचा नियम वृत्तपत्रालाही लागू असल्याचे यापेक्षा गमतीदार उदाहरण सापडणे कठीण. आज कोणताही संदेश क्षणार्धात पुढे पाठविणाऱ्या प्रत्येकाने ही कथा एकदा वाचावी.

१९९६ साली सर्वोत्कृष्ट अंकाचा आयस्नर मिळविणारी ‘सेफगार्ड्स’ ही कथा मार्टा नावाच्या तरुणीची आहे. ती शॅडो हिल या जुन्या वस्तीत राहते. पूर्व युरोपातून आलेल्यांची ही वस्ती. रात्री तेथे भुताखेतांचा वावर असतो आणि दारोदार ताईत, मंत्र-तोडगे जपले जातात. मार्टा नोकरीसाठी रोज झगमगत्या मध्यवर्ती भागात जाते. वस्ती सोडून तिकडेच राहावयास जावे, असे तिला वाटू लागते. परंतु तिकडची संकटे अनोळखी असतात आणि त्यांवरचा उतारा तिला ठाऊक नसतो. अखेर ती जो निर्णय घेते तो योग्य की अयोग्य, यावर आई-वडील आणि नोकरीसाठी दूर गेलेली मुले यांचा जेवणाच्या ताटावर चांगला तासभर वाद रंगू शकेल. लेखकाने कोणा एका बाजूला झुकते माप दिलेले नाही.

सेवानिवृत्तांना विशेष जवळची वाटेल ती ‘शो ’एम ऑल’ ही १९९८ साली आयस्नर मिळविलेली कथा. हिचा नायक खरे तर खलनायक आहे. खेळण्यांच्या कंपनीत आयुष्य काढलेल्या या कल्पक वृद्धाला केवळ वय झाले म्हणून घरी बसविण्यात येते. लोकांनी टाकून दिलेल्या भंगारातून तो विलक्षण यंत्रे बनवितो आणि एका बँकेवर असा बिनचूक दरोडा घालतो की मागमूसही उरत नाही. पैसा घेऊन तो उबदार समुद्रकाठी जाऊन राहतो. आता सुखाला काय तोटा? पण त्याला चैन पडत नाही. कारण ही कामगिरी कोणाची, हे कोणालाच ठाऊक नसते. टाकाऊ ठरविणाऱ्यांना आपली किंमत कळावी म्हणूनच तर त्याने हे सारे केलेले असते! तेव्हा तो परत येतो, पुन्हा गुन्हे करतो आणि या वेळी ओळख पटेल अशा खुणा मुद्दाम मागे ठेवतो. चोरीचे समर्थन कथा करीत नाही. तथापि, कामावरून उतरलेल्या माणसाला पैशापेक्षा दखल अधिक हवी असते, ही गोष्ट तिने अचूक टिपली आहे. निरोपसमारंभाची शाल घडी करून कपाटात ठेवल्यानंतरचे पहिले काही महिने ज्यांनी अनुभवले आहेत, त्यांना ती समजावून सांगावी लागणार नाही.

‘द टार्निश्ड एंजल’ ही या मालिकेतील दीर्घ कथा. पोलादी कातडीचा स्टीलजॅक २० वर्षांची शिक्षा भोगून तुरुंगाबाहेर येतो. त्याला सरळ मार्गाने जगावयाचे आहे. पण चेहराच पोलादाचा, लपणार कोठे? कामावर ठेवावयास कोणी तयार होत नाही. त्याच्या जुन्या गरीब वस्तीत किरकोळ गुन्हेगारांचे एकामागून एक खून होऊ लागतात. मेलेले गुन्हेगारच असल्याने शहराला त्याचे सोयरसुतक नसते. तेव्हा वस्तीतले लोक थोडेफार पैसे गोळा करून स्टीलजॅकलाच शोध घेण्यास सांगतात. आपल्या हातून हे होणार नाही, अशी त्याची पक्की खात्री असते. याच कथेत त्याच्या समोर एका महानायकाची कहाणी येते. ओसरलेली कीर्ती परत मिळावी म्हणून त्याने संकटाचाच बनाव रचला, तो अंगलट आला आणि नाव कायमचे बुडाले. एक जन्मभर चुकला आणि सावरू पाहतो. दुसरा मोठ्या मानाने जगला आणि टाळ्यांच्या ओढीने घसरला. माणसाची पत त्याच्या जुन्या नोंदींवरून ठरवावी की आजच्या वागण्यावरून, हा प्रश्न कथा वाचकासमोर ठेवते. शेवट येथे सांगणे उचित नव्हे.

चूक केवळ व्यक्तीकडून होते असे नाही, समाजाकडूनही होते. ‘द डार्क एज’ या भागात सिल्व्हर एजंट या प्रामाणिक नायकाला त्याने न केलेल्या खुनाबद्दल मृत्युदंड दिला जातो. सत्य उघडकीस आल्यावर शहर त्याचा पुतळा उभारते आणि त्यावर आपली लाज कबूल करणारा मजकूर कोरते. पुतळे बहुधा अभिमानाचे असतात. अपराधाची कबुली चौकात उभी करणारे शहर कल्पनेतले का होईना, पण विचार करावयास लावते.

२०१३ साली मालिका नव्याने सुरू झाली, तेव्हाच्या आरंभीच्या अंकांत मॅरेला नावाच्या तरुणीची कथा आहे. महानायकांच्या संघटनेकडे मदतीसाठी येणारे फोन घेणे, हे तिचे काम. हजारो फोनांतून खरे संकट कोणते, हे तिला काही क्षणांत ठरवावे लागते. दक्षिण अमेरिकेतील एका लहान मुलीचा फोन घरगुती भांडणाचा समजून ती तो स्थानिक यंत्रणेकडे सोपविते. नियमानुसार ते योग्यच असते. पुढे कळते की त्या भांडणामागे फार मोठे अरिष्ट दडलेले होते आणि त्यात अनेकांची हानी झाली. मॅरेला अपराधभावाने पोखरून निघते आणि स्वतः त्या ठिकाणी मदतीला धावते. तिच्या वरिष्ठांनी तिच्याशी केलेला व्यवहार प्रत्येक कार्यालयप्रमुखाने वाचण्यासारखा आहे. चुकीची नोंद घ्यावी, तिची झळही बसू द्यावी, पण चुकलेले माणूस मोडीत काढू नये, हा त्याचा मथितार्थ. घरी कमी गुण घेऊन आलेल्या मुलालाही याच व्यवहाराची अपेक्षा असते.

सर्वांत हळवी कथा ‘द निअरनेस ऑफ यू’. एका साध्या गृहस्थाला रोज स्वप्नात एक स्त्री दिसते. तिचे हसणे, तिच्या सवयी त्याला ठाऊक आहेत. प्रत्यक्षात मात्र ती त्याला कधी भेटलेली नाही. शेवटी एक गूढ पुरुष त्याला सांगतो की महानायकांच्या एका युद्धात काळाची घडी विस्कटली आणि पुन्हा बसविताना किंचित चुकली. तिच्या आजी-आजोबांची भेटच झाली नाही, म्हणून ती जन्मलीच नाही. ती त्याची पत्नी होती. जग वाचले, पण त्या वाचलेल्या जगात त्याचे घर उरले नाही. आठवण पुसून टाकावी की ठेवावी, याची निवड त्याला दिली जाते. तो काय निवडतो, हे ज्यांनी जोडीदार गमावला आहे ते न वाचताच सांगू शकतील. मोठ्या विजयांच्या हिशेबात अशा एकट्या माणसाचे नुकसान कोठे दाखवावयाचे, याचे उत्तर कोणत्याही ताळेबंदाकडे नाही. ब्युसिक यांनी त्याच्यासाठी एक स्वतंत्र कथा लिहिली, हे त्यांचे मोठेपण.

मालिकेत उणिवाही आहेत. पात्रांची संख्या मोठी असल्याने आरंभी गोंधळ उडतो. ‘द डार्क एज’ची लांबी सोळा अंकांची असून मधला भाग काहीसा ताणलेला वाटतो. भाषा इंग्रजी आहे आणि तिच्यातील बोलीचे वळण सवयीनेच उलगडते. म्हणून प्रारंभ ‘लाइफ इन द बिग सिटी’ या पहिल्या सहा अंकांच्या संग्रहापासून करावा. त्यातील प्रत्येक कथा स्वतंत्र आहे. रोज रात्री एक, याप्रमाणे आठवड्याभरात ती सहज वाचून होतील. त्यानंतर ‘द टार्निश्ड एंजल’ घ्यावे. या दुसऱ्या संग्रहात खून आणि मारहाण आहे, तेव्हा तो मुलांच्या हाती देण्यापूर्वी मोठ्यांनी वाचलेला बरा. पहिला संग्रह मात्र बारा-तेरा वर्षांच्या मुलांसोबत बसून वाचण्याजोगा आहे, आणि तसाच तो वाचावा. इंग्रजी वाचताना नात अडली तर आजोबांनी अर्थ सांगावा. चित्रांतील खुणा पाहताना आजोबा अडले तर नातीने दाखवाव्यात.

असे सोबत वाचण्याला आणखी एक कारण आहे. मुलांपुढे आपण सतत निर्दोष आदर्श ठेवतो. पहिला येणारा, कधीही न चुकणारा. त्या मापाने स्वतःला मोजताना एखादे मूल आतून खचते आणि घरी सांगत नाही, कारण घरातील मोठी माणसेही कधी चुकल्याचे त्याने ऐकलेले नसते. समॅरिटन दमतो, मॅरेला चुकते, स्टीलजॅकला स्वतःवर भरवसा नसतो. आणि तरीही दुसऱ्या दिवशी सकाळी ते आपापल्या कामाला लागतात. हे वाचून झाल्यावर मुलाने आपण होऊन एखादी चूक सांगितली, तर त्या वेळी पुस्तक बाजूला ठेवून त्याचे ऐकून घ्यावे.